केळीचं पान, मोबाइलचं उत्तर : शेतात एआयवर किती भरवसा ठेवायचा?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. सहा एकर केळी, त्यातली बरीचशी मृगबाग, म्हणजे जून-जुलैत लावलेली, आणि चार एकर कापूस. वर्षभरापासून तो पानांचे फोटो काढून एआयला विचारतो. औषधाची मात्रा, खताचं वेळापत्रक, भावाचा अंदाज, सगळं तिथेच. आता ऑगस्टमध्ये केळीच्या नव्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले. एआय म्हणालं जस्ताची कमतरता आहे, फवारणी घ्या. वडील, म्हणजे आप्पा, म्हणाले हा हरण्या आहे, झाडं उपटा. त्यातच एक विक्रेता ठिबकच्या सेन्सर आणि ऑटोमेशनचं कोटेशन देऊन गेला आहे. प्रश्नाचा शेवट असा : "दहापैकी आठ वेळा मोबाइल बरोबर सांगतो. मग आप्पांचं ऐकू की मोबाइलचं?"

भाऊ, मी कृषी पदवीधर आहे आणि रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळी आणि कापसाच्या सल्ल्याचं काम बरीच वर्षं करते आहे. एआय मी स्वतः रोज वापरते, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही.

"आप्पा की मोबाइल" अशी मांडणी मला पटत नाही. तुमच्या शेतात रोज दहा निर्णय होतात आणि ते सगळे एका तोलाचे नसतात. काही चुकले तर संध्याकाळपर्यंत कळतं, दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. काही चुकल्याचं कळतं तेव्हा बाग निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली असते आणि हातात काही उरलेलं नसतं. म्हणून कोणी नवीन यंत्र किंवा अॅप घेऊन माझ्याकडे आलं की मी दोनच गोष्टी विचारते. याने चुकीचं सांगितलं तर तुमचं काय जाईल? आणि चुकीचं सांगितलंय हे तुम्हाला किती दिवसांनी कळेल? दहापैकी किती वेळा बरोबर, हा हिशेब त्यानंतरचा.

आणि ते आठ कोणते, तेही एकदा तपासा. करपा, पालाशच्या कमतरतेने जुन्या पानांच्या कडा वाळणं, थंडीत पडणारा चरका, कापसावरचा मावा-तुडतुडा, हे आप्पा बांधावरून ओळखतात. मोबाइलची परीक्षा उरलेल्या दोनांत असते, कारण खरी मदत तुम्हाला तिथेच हवी होती.

आता तुमच्या पिवळ्या पट्ट्यांकडे येऊ. हे उत्तर लांबणार आहे, कारण बाकीचं सगळं यातूनच समजेल.

आपण ज्याला हरण्या म्हणतो तो कुकुंबर मोझॅक विषाणू, सीएमव्ही. त्याला औषध नाही. तो पसरवतो मावा, आणि त्याची पद्धत अशी की रोगट झाडावर त्याने काही क्षण सोंड टोचली तरी विषाणू तोंडाला लागतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट उतरतो. म्हणजे कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. हा विषाणू हजाराहून जास्त वनस्पतींवर राहू शकतो. काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची, बांधावरची कितीतरी तणं. त्यामुळे उपाय एकच उरतो : रोगट झाड लवकर ओळखून मुळासकट काढायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, तण स्वच्छ ठेवायचं आणि मावा आटोक्यात ठेवायचा. टिश्यू कल्चरची लहान रोपं आणि पावसाची उघडझाप असलेलं ढगाळ हवामान असलं की हा रोग जोर धरतो. मृगबागेची वेळ नेमकी तीच.

आता दोन्ही बाजूंनी चूक करून बघा. समजा खरं तर जस्ताची कमतरता होती आणि तुम्ही वीस झाडं उपटली. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७४० झाडं बसतात. त्यात वीस गेली. रोपांचा आणि मजुरीचा खर्च झाला, लागवड अजून कोवळी आहे तोवर नांग्या भरता येतात, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावता येतात. नुकसान आहे, पण त्याला हद्द आहे. उलट बाजूने, हरण्या होता आणि तुम्ही जस्त फवारून पंधरा दिवस फरक पडतो का ते बघत बसलात, तर त्या पंधरा दिवसांत मावा किती झाडांवर फिरून आला ते पुढच्या महिन्यात कळेल. तेव्हा नांग्या भरण्याची वेळही गेलेली असेल. उत्तर दोन्हीकडे चुकू शकतं, पण दोन चुकांची किंमत सारखी नाही. आप्पांनी "उपटा" म्हटलं त्यामागे हाच हिशेब आहे, त्यांनी तो कागदावर मांडला नाही एवढंच. मोबाइलने मात्र हा हिशेब केलाच नाही, कारण तुम्ही त्याला "हे काय आहे" एवढंच विचारलंत. "चुकलं तर काय" हे विचारलं नाहीत.

काय बघायचं ते सांगते. सकाळचं ऊन कोवळं असताना नवं पान उन्हाकडे धरून खालच्या बाजूने बघा. जस्त कमी असेल तर पान अरुंद आणि टोकदार निघतं, शिरांना समांतर पांढरट-पिवळे पट्टे बऱ्यापैकी सरळ आणि सारखे असतात, आणि उमलणाऱ्या पानाच्या पाठीवर लालसर-जांभळी झाक दिसू शकते. हरण्यात पट्टे तुटक तुटक असतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. पानाची कड वेडीवाकडी होते, पान आखडतं आणि रोग वाढला की पोंगा, म्हणजे मधलं न उमललेलं पान, सडू लागतो. पण सुरुवातीच्या आठवड्यात या दोन्हींत फरक करणं मलाही फोटोवरून जमत नाही. म्हणून पान सोडा आणि बांधावर उभं राहून अख्खी बाग बघा. पिवळेपणा एका पट्ट्यात, चुनखडीच्या जागी किंवा ड्रिपच्या एकाच नळीवर (लॅटरलवर) असेल तर जमीन किंवा ड्रिप तपासा. मध्येच एक झाड पिवळं, त्याच्या दोन्ही बाजूची हिरवीगार, मग दहा झाडं सोडून पुन्हा एक, असं विखुरलेलं असेल तर मी विषाणू धरून चालते. हे चित्र एका पानाच्या फोटोत येतच नाही. फोटो कितीही स्वच्छ काढा, त्यात ते नसतंच.

पुढचा निर्णय परिस्थितीवर आहे. संशयित झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील तर खात्रीची वाट न बघता काढा. शेकड्यांनी असतील तर एवढी झाडं कोणाच्याही शब्दावर उपटू नका. माझ्याही नाही, आप्पांच्याही नाही. पालचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जळगावचं केळी संशोधन केंद्र यांच्याकडे नमुना घेऊन जा. एलायझा किंवा पीसीआर, म्हणजे विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी, कुठे करून मिळेल हे तिथून कळेल आणि मोठ्या निर्णयाला तोच आधार पाहिजे.

फोटो ओळखणारं तंत्र चुकतं कुठे, हे समजलं की वापरायचं कसं ते आपोआप कळतं. पिकांच्या रोगांच्या फोटो-ओळखीवर २०१६ साली एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ५४,३०६ पानांचे फोटो, १४ पिकं, २६ रोग. त्याच संग्रहातले बाजूला ठेवलेले फोटो दाखवले तर संगणकाने ९९.३५ टक्के अचूक ओळखले. अॅपच्या जाहिरातीत असेच आकडे दिसतात. पण त्याच अभ्यासाच्या लेखकांनी प्रामाणिकपणे पुढचंही लिहिलं आहे : दुसरीकडे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. संग्रहातली पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. आपल्या बागेत मागे दहा पानं, अंगावर सावली, वर धूळ, फवारणीचे डाग. शिवाय त्या १४ पिकांत केळी नव्हती आणि कापूसही नव्हता. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारलं आहे, पण मूळ अडचण तीच आहे. ज्या प्रकारचे फोटो त्याने पुष्कळ पाहिलेत तिथे ते तेज आहे, जे कमी पाहिलेत तिथे अंदाज करतं, आणि दोन्ही वेळा आवाज तितकाच ठाम असतो.

याची दोन उदाहरणं माझ्या कामात वारंवार येतात. ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या टिश्यू रोपांच्या पानांवर सुरुवातीला जांभळट-तपकिरी ठिपके असतात. ते रोपाच्या वयाचं लक्षण आहे, रोप मोठं झालं की नवी पानं स्वच्छ येतात. शेतकरी फोटो काढतो, अॅप बुरशी सांगतं आणि पहिल्याच महिन्यात बुरशीनाशकाची एक फवारणी फुकट जाते.

दुसरं कापसाचं, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. शेजारच्या मक्यात २,४-डी हे तणनाशक मारलं, वाऱ्याने कापसावर आलं, किंवा तोच पंप नीट न धुता कापसावर वापरला, की कापसाची नवी पानं बोटांसारखी लांबट, चिरलेली निघतात. कापूस या तणनाशकाला अतिशय नाजूक आहे, थोड्या अंशानेही विकृती येते. फोटो दिला की बहुतेक वेळा उत्तर येतं "विषाणू, लीफ कर्ल", म्हणजे पानं गुंडाळणारा रोग. कापसाचा लीफ कर्ल हा मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थानकडचा रोग आहे. पण उत्तर आलं की शेतकरी पांढऱ्या माशीसाठी महागडी फवारणी घेतो, आणि तीही त्याच न धुतलेल्या पंपाने. इथे फोटोपेक्षा एक साधा प्रश्न कामाचा : गेल्या पंधरा दिवसांत हा पंप कशासाठी वापरला, आणि शेजाऱ्याने काय मारलं? बांधाजवळ जास्त आणि आत कमी होत गेलं असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

गप्पा मारणाऱ्या एआयची गोष्ट थोडी निराळी. ते वाक्य पुढे कसं जाईल याचा अंदाज बांधत लिहितं. म्हणून भाषा गोड आणि सरळ येते, पण मधला आकडा कुठून आला हे त्यालाही नेहमी दाखवता येत नाही. औषधाच्या मात्रेत हे धोक्याचं आहे. तुम्ही लिहिलंय की मात्रा तुम्ही तिथूनच घेता. ती सवय आजपासून सोडा.

कारण सांगते. मात्रा कधी लिटरला असते, कधी दहा लिटरला, कधी पंपाला, कधी एकरी. समजा लेबलवर लिटरला १ मिली आहे. पंधरा लिटरच्या पंपाला १५ मिली, वीस लिटरच्याला २०. आता उत्तरात कुठेतरी "एकरी" आणि "पंपाला" यांची अदलाबदल झाली तर वाक्य वाचायला सरळच राहतं आणि औषध मात्र कित्येक पट जातं. दुसरा घोळ नावाचा. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक १७.८ टक्क्यांचं पातळ (एसएल) मिळतं आणि ७० टक्क्यांचं दाणेदार (डब्ल्यूजी) मिळतं. दोन्हींचं नाव एकच, ताकदीत जवळजवळ चौपट फरक. प्रश्नात नुसतं "इमिडा" लिहिलं तर उत्तर कोणत्याचं आलं हे तुम्हाला कळणार नाही. आणि त्या पिकावर त्या औषधाला लेबल क्लेम, म्हणजे वापरायची अधिकृत मान्यता, आहे का, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे निर्यातीचा माल असेल तर फार महत्त्वाचं. आखातात जाणाऱ्या कंटेनरमध्ये औषधाचा उर्वरित अंश निघाला तर तिथे कोणी "एआयने सांगितलं होतं" हे ऐकून घेणार नाही. बाटलीबरोबर पत्रक येतं, त्यावर पीक, कीड, मात्रा, प्रतीक्षा काळ सगळं छापलेलं असतं. त्या छापील आकड्याला कंपनी बांधील असते, मोबाइलवरच्या उत्तराला कोणीच नाही.

मग एआय कशाला वापरायचं? याच पत्रकाला वापरा. त्याचा फोटो द्या आणि म्हणा, यातला केळीचा भाग मराठीत सोपा करून सांग. उत्तर आलं की आकडा पत्रकावरच्या आकड्याशी जुळवा. दोन मिनिटांचं काम, आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं. माती परीक्षणाचा अहवालही तसाच. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब म्हणजे काय आणि माझा आकडा कुठे बसतो हे ते फार छान समजावतं, आणि पंचवीस वेळा विचारलं तरी कंटाळत नाही. हे काम मीही त्याच्याकडून करून घेते. पूर्वी अहवाल घडी घालून कपाटात जायचे, आता पोरं ते वाचून माझ्याशी वाद घालतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पीककर्जाच्या अर्जाचा मसुदा, खर्चाची जुळवाजुळव, मजुरीचा हिशेब, यात ते खुशाल वापरा. फक्त सातबारा, आधार, बँक पासबुक यांचे फोटो त्यात टाकू नका. योजनेची मुदत किंवा अनुदानाचा आकडा विचारलात तर तो महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर किंवा कृषी विभागाच्या माणसाकडे पडताळल्याशिवाय धरू नका. मुदती बदलतात आणि जुनं उत्तर नव्यासारखंच दिसतं.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. "ही जस्ताची कमतरताच आहे ना?" असं विचारलं तर ते बहुधा हो म्हणतं. विचारणाऱ्याच्या बाजूने झुकण्याची त्याला सवय आहे. त्याऐवजी असं विचारा : "केळीच्या नव्या पानावर पिवळे पट्टे आहेत, याची शक्य ती सगळी कारणं सांग, आणि प्रत्येक कारण वेगळं ओळखायला मी बागेत काय बघू?" अशा प्रश्नाला ते उत्तम उत्तर देतं. कारण निवडण्याचं काम तुमच्याकडे राहतं, आणि ते तुम्हाला बागेत पाठवतं. माझ्याकडे फोटो पाठवणाऱ्यांनाही मी हेच सांगते : आधी बागेत जा, मग फोन करा.

काही साधनं मी डोळे झाकून वापरायला सांगते. दामिनी अॅप घ्या. पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेलं, वीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर इशारा देतं. त्याने उगाच इशारा दिला तर काय जातं? अर्धा तास काम थांबेल. आणि बरोबर दिला तर माणूस वाचेल. असा सौदा असेल तिथे अचूकतेवर फार वाद घालू नये. कापसात गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यातले पतंग फोटोवरून मोजणारी अॅप आली आहेत, तीही चांगली. मोजणं हे यंत्राचं काम आहे आणि शंका आली तर तुम्ही स्वतः मोजून बघू शकता. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, ही नुकसानीची पातळी माहीत असली की पुढचा निर्णय सरळ होतो. पण सापळा लावायचा, वेळेवर ल्युअर (पतंगांना ओढणारी गंधाची गोळी) बदलायचा आणि रोज सकाळी जाऊन बघायचं, हे कोणतंही अॅप करत नाही. ज्यांच्याकडे हे अॅप फसलं त्यांच्याकडे बहुतेक वेळा सापळाच रिकामा लटकत होता.

आता सेन्सर आणि ऑटोमेशन. इथे माझं उत्तर "हो, पण टप्प्याटप्प्याने" असं आहे, आणि तुमचं शेत घरापासून किती लांब, वाल्व्ह किती, पाण्याचा स्रोत कोणता, वीज कधी येते, यावर ते बदलेल.

सगळ्यात आधी मोबाइलवर चालणारा मोटर स्टार्टर घ्या, नसेल तर. रात्री थ्री फेज आली की टॉर्च घेऊन नाल्यातून विहिरीवर जाणं, सापकिड्याचं भय, हे ज्याने केलंय त्याला या सोयीची किंमत सांगायला नको. त्यात फेज गेली किंवा पाणी संपलं तर मोटर बंद होण्याची सोय नक्की असू द्या. पण लक्षात ठेवा, फोनवर "मोटर चालू" आलं म्हणजे झाडाला पाणी मिळालं असं नाही. आपल्याकडे कितीतरी बोअरचं पाणी क्षाराचं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि पाहिजे तेवढं पाणी येत नाही. वाल्व्ह उघडला, संगणकाने नोंद केली, हिरवा दिवा लागला, आणि शेवटच्या लॅटरलवरची झाडं तहानलेलीच राहिली. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला वीस-पंचवीस लिटर लागतात तेव्हा हा फरक पुढे घडाच्या वजनावर दिसतो.

तपासायची पद्धत अगदी सोपी. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर पंधरा मिनिटांत एक लिटर पाणी यायला हवं. लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रिपरखाली छोटा खड्डा करून त्यात डबा बसवा, पंधरा मिनिटांनी पाणी मापा. टोकाच्या डब्यात पाऊण लिटरच आलं तर आधी फ्लशिंग (नळ्या पाण्याने धुणं) आणि आम्ल प्रक्रिया (आम्ल सोडून क्षार काढणं), मग सेन्सरचा विचार. हे न करता बसवलेलं ऑटोमेशन बिघडलेली ड्रिप फक्त वेळेवर चालवतं.

ओलाव्याच्या सेन्सरबद्दल आणखी एक गोष्ट विक्रेता बहुधा सांगत नाही. आपली काळी जमीन ओलीत फुगते आणि सुकली की आकसते. सेन्सरची काडी जमिनीत आहे आणि तिच्याभोवतीची माती आकसून बारीक फट पडली, तर काडीला हवा लागते आणि ती "जमीन कोरडी" सांगते. पाणी सुटतं, जास्त सुटतं, मुळं गुदमरतात. म्हणून सेन्सर बसवताना माती कालवून घट्ट दाबून बसवायची आणि दर काही दिवसांनी त्याच्याजवळ कुदळीने वीतभर खणून, माती मुठीत दाबून बघायची. मुठीतली माती आणि स्क्रीनवरचा आकडा यांचं जमत नसेल तर मुठीवर विश्वास ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. आणि सहा एकराला एक सेन्सर म्हणजे त्या एका जागेची बातमी. तुमच्या शेतात एका टोकाला भारी आणि दुसऱ्या टोकाला मुरमाड असेल तर त्याला अर्थच राहत नाही.

कोटेशन देणाऱ्याला मी पुढच्या गोष्टी विचारते, तुम्हीही विचारा. इंटरनेट गेलं तर वाल्व्ह चालतील का? हाताने उघडता येतील का? वर्षाची वर्गणी किती आणि ती भरली नाही तर यंत्र बंद पडणार का? एप्रिल-मे महिन्यात बिघडलं तर माणूस किती तासांत येईल, आणि तो जळगावातून येणार की पुण्यातून? भुसावळ-यावलकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असताना केळीला दोन दिवस पाणी बंद राहणं परवडत नाही. याचं उत्तर लेखी मिळत नसेल तर कितीही चांगलं यंत्र असो, मी घेऊ नका म्हणते. मिळत असेल तर आधी एका एकरात एक हंगाम चालवा. सोबत पाणीमीटर आणि प्रेशर गेज लावा. दोन्ही स्वस्त आहेत आणि त्यांना इंटरनेट लागत नाही.

भावाबद्दल थोडक्यात. पुढच्या महिन्यात केळीला काय भाव मिळेल हे एआयला विचारून कटाई पुढे-मागे करू नका. बऱ्हाणपूर बाजाराचा आजचा भाव तुमच्या ग्रुपवर रोज येतो, तोही तुमच्या मालाला मिळेलच असं नसतं. घडाची प्रत, व्यापाऱ्याची गाडी, रस्ता, त्या दिवसाची आवक, सगळं त्यात येतं. पिकलेली केळी थांबत नाही. अंदाज चुकला तर भरून काढायला वेळच उरत नाही.

शेवटी आप्पांकडे येते. त्यांचा अनुभवही सगळीकडे चालत नाही. टिश्यूची रोपं, विद्राव्य खतं, नवी औषधं, बदललेला पाऊस, यात त्यांच्या काळचे ठोकताळे कित्येकदा कमी पडतात, आणि तिथे तुमचं वाचन उपयोगी पडतं. दुकानदार किंवा माझ्यासारखे सल्लागारही चुकू शकतात. दुकानदाराला माल विकायचा असतो हे तर उघड आहे, आणि काही अॅपही सल्ल्याखालीच औषधाची विक्री करतात, तेही बघून घ्या. पण तुमच्या गट नंबरात पाणी कुठे साचतं, कोणत्या कोपऱ्यात मागच्या वर्षी झाडं गेली, शेजारचा काय मारतो, हे आप्पांना माहीत आहे आणि जगातल्या कोणत्याही यंत्राला माहीत नाही. ती माहिती तुम्ही विचारून घेतली आणि एआयला प्रश्न करताना त्यात घातली, तर उत्तरं सुधारतात. एक वही ठेवा. तारीख, मोबाइल काय म्हणाला, आप्पा काय म्हणाले, तुम्ही काय केलं, पंधरा दिवसांनी काय दिसलं. एका हंगामात तुम्हाला कळेल की तुमच्या शेतापुरता कोणत्या बाबतीत कोणावर किती विसंबायचं. ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

तोवर उद्या सकाळी एवढं करा. आप्पांना बरोबर घ्या आणि ओळीने फिरा. संशयित झाडाला रंगीत चिंधी बांधा आणि कागदावर ओळ व झाड नंबर लिहून घ्या. फिरताना कोयता, विळा काही लावू नका. नकाशात झाडं विखुरलेली दिसली आणि थोडी असली तर त्याच दिवशी मुळासकट काढा, दुपारी बांधावरचं तण साफ करा आणि जवळपास कोणाचा काकडी-भोपळ्याचा वेल आहे का बघा. एका पट्ट्यात दिसली तर काही उपटू नका, त्या लॅटरलखाली डबे ठेवा आणि तिथली माती तपासणीला द्या. दर चार दिवसांनी पुन्हा फिरा, चिंध्या वाढल्या का मोजा. इथे टाकायचा असेल तर त्या कागदाचा फोटो टाका, त्याबरोबर बांधावरून दिसणाऱ्या बागेचा एक, पूर्ण झाडाचा एक, आणि नव्या पानाचे वरून व खालून असे दोन. लागवडीची तारीख, रोपं कुठली हे नको पण टिश्यूची की कंदाची ते, आणि गेल्या महिन्यातल्या फवारण्या लिहा. मग पुढचं बोलू.